पाचगणीचा फरोख आणि सहा मिनिटांचे गाणे

मुंबईहून मोटारीने पाचगणीला जायचे म्हटले की पनवेल काही टळत नाही. बोरघाट चढून पुण्यावरून वाई गाठा आणि पसरणीचा घाट चढा, नाहीतर पेण, महाड, पोलादपूर करीत आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरावर जा आणि पलीकडे उतरा. या दोन्ही वाटा फुटतात त्या पनवेलपाशीच. पाचगणीच्या निवासी शाळांत मुलांना पोचवायला निघालेल्या मोटारी पनवेलकरांनी पिढ्यान्पिढ्या पाहिल्या आहेत. जाताना मागच्या बैठकीवर ट्रंका, वळकट्या आणि रडवेली तोंडे. सुटीत परतताना तीच तोंडे हसरी!

या शाळांपैकी एकीत, १९५५ च्या आसपास, एक किडकिडीत आणि लाजरा पारशी मुलगा दाखल झाला. वय अवघे आठ. वरचे दात इतके पुढे आलेले की सोबत्यांनी लगेच त्याला ‘बकी’ हे नाव बहाल करून टाकले. घर होते समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. मुलाचे नाव फरोख बुलसारा.

पुढे वीस वर्षांनी याच मुलाने विलायतेत एक गाणे रचले. ते गाणे इतके लांब, इतके विचित्र आणि इतके अवघड होते, की ते विकले जाणार नाही असे जाणत्यांनी छातीठोकपणे सांगितले. जाणते हरले. गाण्याने इंग्लंडात लागोपाठ नऊ आठवडे पहिला क्रमांक राखला, आणि आज पन्नास वर्षे उलटून गेली तरी ते जगभर वाजतेच आहे. गाण्याचे नाव ‘बोहिमियन ऱ्हॅप्सडी’, वाद्यवृंदाचे नाव ‘क्वीन’, आणि फरोखने तोवर धारण केलेले नाव फ्रेडी मर्क्युरी.

आमच्या घराघरांतील तरुण मंडळी हे गाणे तोंडपाठ म्हणतात. वडीलधारी मंडळी ‘कसला हा गोंगाट’ म्हणून दार लोटून घेतात. या गोंगाटाची एक वाट आपल्या सातारा जिल्ह्यातून गेली आहे हे दोघांपैकी पुष्कळांच्या गावीही नसते. म्हणूनच ही हकिगत सांगायची.

झांझिबारचा मुलगा, पाचगणीची शाळा

बुलसारा हे नाव बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. गुजरातच्या किनाऱ्यावरील हे पारशी घराणे. फरोखचे वडील बोमी बुलसारा झांझिबारच्या उच्च न्यायालयात इंग्रज सरकारचे रोखपाल होते. तेथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फरोखचा जन्म झाला. बेटावर सुलतानाची गादी आणि वर इंग्रजांचे छत्र. अरब, आफ्रिकी, गुजराती, खोजा, पारशी अशा नाना जातिजमाती एकाच गल्लीत नांदत. घरात अवेस्ता भाषेतील प्रार्थना आणि बाहेर मशिदीची बांग, अशा स्वरांत मूल वाढत होते.

सरकारी नोकरीतल्या बापाला मुलाच्या शिक्षणाची काळजी. चांगल्या शाळेसाठी त्याने नजर टाकली ती हिंदुस्थानाकडे. पाचगणीचे सेंट पीटर्स हायस्कूल १९०४ सालचे; शिस्त आणि शिकवणी विलायती थाटाची. आठ वर्षांच्या पोराला अडीच हजार मैलांहून अधिक अंतर आगबोटीने पार करून मुंबईस यावे लागले. छोट्या सुट्यांत आईबापांकडे जाणे शक्यच नव्हते. मग मुंबईत आजीकडे आणि इतर नातेवाइकांकडे राहायचे.

अशा मुलाच्या मनात काय चालत असेल हे निवासी शाळेत राहिलेल्यास विचारावे. फ्रेडीने पुढे आपल्या या दिवसांविषयी फारसे बोलणे टाळले. पण सोबत्यांच्या आठवणी आहेत, आणि त्या सगळ्या एका ठिकाणी येऊन मिळतात: पियानोपाशी. मुलगा चित्रे छान काढी, टेबल टेनिस उत्तम खेळे, मुष्टियुद्धाच्या रिंगणातही उतरे. परंतु रेडिओवर ऐकलेले गाणे लगोलग पियानोवर जसेच्या तसे उठवण्याची त्याची हातोटी काही वेगळीच होती.

शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हे ध्यानात आले. त्यांनी झांझिबारला पत्र घातले: मुलाला संगीताचे अंग आहे, थोडी जादा फी भरलीत तर त्याला रीतसर पियानो शिकवता येईल. बुलसारा दांपत्याने होकार कळवला. मुलगा पाश्चात्त्य संगीताच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला, वादनात आणि शास्त्रातही. शाळेच्या गायकवृंदात तो ख्रिस्ती भजने म्हणू लागला. अनेक कंठ एकाच वेळी, निरनिराळ्या पट्ट्यांत, एकमेकांना सांभाळून कसे गातात हे त्याच्या कानांनी तेथे टिपले. आपल्या संगीतात एकच स्वरधारा वाहते. तिकडे तीन-चार धारा समांतर वाहतात. हे धडे पुढे कसे उपयोगी पडले ते येईलच.

१९५८ साली पाच मुलांनी मिळून शाळेत एक वाद्यवृंद काढला. नाव ‘द हेक्टिक्स’. पियानोवर फरोख. शाळेच्या समारंभांत एल्व्हिस प्रेस्ली, लिट्ल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही पोरे वाजवीत, आणि शेजारच्या किमिन्स शाळेच्या मुली ऐकताना आनंदाने किंकाळ्या फोडीत! पाच जणांपैकी एकजण पुढे नेपाळच्या सैन्यात सेनापतीच्या हुद्द्यापर्यंत चढला, एकजण विलायतेत नट झाला, एकाने पुण्यात उपाहारगृह चालवले. पियानोवाल्याचे काय झाले ते जग जाणते. ‘फ्रेडी’ हे नावही शाळेतच रूढ झाले. ते पाचगणीच्या मातीतलेच म्हणायला हरकत नाही.

बुधाचे नाव घेतलेला माणूस

१९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. पण जानेवारी १९६४ मध्ये बेटावर रक्तरंजित क्रांती झाली, सुलतान पळाला आणि हजारो अरब व हिंदी कुटुंबांची दाणादाण उडाली. बुलसारा कुटुंब हाती लागेल तेवढे घेऊन इंग्लंडला पोचले आणि लंडनच्या विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात त्यांनी बिऱ्हाड केले. सतरा-अठरा वर्षांच्या फ्रेडीने विमानतळावर हमालीचे काम केले, ईलिंगच्या कलाशाळेत आरेखन शिकून १९६९ मध्ये पदविका मिळवली, आणि पोटासाठी केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले.

त्या दुकानातला त्याचा भागीदार रॉजर टेलर. हा ढोल वाजवी आणि शिक्षण घेत होता दंतवैद्यकाचे. त्याचा जोडीदार गिटारवादक ब्रायन मे खगोलशास्त्राचा अभ्यासक; पुढे २००७ साली, साठाव्या वर्षी, त्याने अर्धवट राहिलेली डॉक्टरेट पुरी केली. १९७० मध्ये या तिघांनी ‘क्वीन’ची स्थापना केली. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा जॉन डीकन चौथा म्हणून आला. चारी मुले शिकलेली. फ्रेडीने कलाशाळेची विद्या खर्चून चौघांच्या राशींचे मानचिन्ह काढले, आणि स्वतःचे आडनाव बदलून ‘मर्क्युरी’ केले. मर्क्युरी म्हणजे बुध ग्रह, आणि मर्क्युरी म्हणजे पाराही. रंगमंचावरची त्याची चपळाई ज्यांनी पडद्यावर पाहिली आहे, त्यांना दोन्ही अर्थ पटतील.

१९७४ साली त्यांचे एक गाणे इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकावर पोचले. लोकांना वाटले, आता यांच्या घरी सोन्याचा धूर निघत असेल. प्रत्यक्षात चौघांना आठवड्याला साठ पौंड पगार मिळे. करारनामेच असे होते की तबकड्या खपत होत्या आणि पैसा दुसरीकडे मुरत होता. ढोलाच्या काठ्या मोडल्या तर नव्या घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा जपून वाजव, असे रॉजरला बजावण्यात आल्याची आठवण सांगतात. १९७५ मध्ये मोठ्या कष्टाने या करारातून सुटका झाली, आणि जॉन रीड हा नवा व्यवस्थापक मिळाला. पुढची तबकडी चालली तर तरलो, नाहीतर संपलो, अशी वेळ होती.

अशा वेळी शहाणा माणूस काय करील? तीन मिनिटांचे, सोपे, चटकन ओठांवर बसणारे गाणे काढील. फ्रेडीने केले ते नेमके उलट.

गण, गवळण आणि वग

एके दिवशी फ्रेडीने ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार रॉय टॉमस बेकर याला घरी बोलावले आणि पियानोवर एका गाण्याचा पहिला भाग वाजवून दाखवला. मध्येच थांबून त्याने सांगितले की येथे संगीतिका येणार! म्हणजे इटालियन ऑपेरा. बेकर हसला, आणि दोघे जेवायला बाहेर पडले. ही थट्टा नव्हती हे बेकरला पुढे तीन आठवड्यांत पुरते कळून चुकले.

गाण्याचा घाट मराठी माणसाला समजावून सांगायचा तर तमाशाचे उदाहरण घ्यावे. गण, गवळण, बतावणी, वग असे एकामागून एक निराळ्या रंगाचे भाग, पण खेळ एक. येथेही तसेच. आरंभी वाद्यांवाचून केवळ कंठांचा मेळ. मग पियानोवर संथ करुण गीत: एक तरुण आपल्या आईला सांगतो आहे की हातून मनुष्यवध झाला, आयुष्य सुरू होण्याआधीच संपले. त्यानंतर गिटारचा विलाप. मग एकाएकी तो ऑपेरा: जणू न्यायसभा भरली आहे, एक पक्ष म्हणतो सोडा, दुसरा म्हणतो सोडणार नाही. तेथे गॅलिलिओ येतो, फिगारो येतो, सैतान येतो, आणि ‘बिस्मिल्ला’ हा अरबी शब्दही गर्जत येतो. पाठोपाठ संतप्त रॉक संगीताचा कल्लोळ. आणि अखेर सारे शांत होत होत एका घंटेच्या टोल्यावर विझून जाते. ध्रुवपद कोठेच नाही! ज्या गाण्याला परत परत येणारे ध्रुवपद नाही, ते लोकांच्या तोंडी बसेल कसे?

‘ऱ्हॅप्सडी’ म्हणजे बंधन न मानता एका भावातून दुसऱ्या भावात शिरणारी रचना, आणि ‘बोहिमियन’ म्हणजे मनस्वी, कलंदर. नाव तसे चपखल. पण तेही सहजासहजी सुचले नव्हते. २०२३ च्या सप्टेंबरात लंडनला फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा या गाण्याचे हस्तलिखित कच्चे खर्डे जगापुढे आले. एका विमान कंपनीच्या १९७४ च्या दिनदर्शिकेचे जुने कागद, त्यांवर ओळी, खाडाखोड, चित्रे; आणि एका पानावर ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ हे शीर्षक लिहून त्यातील पहिला शब्द खोडलेला! आपल्याकडे दिनदर्शिकेच्या कागदावर दुधाचा हिशेब मांडतात. या गृहस्थाने त्यावर अजरामर गाणे मांडले. ते कागद लिलावात सुमारे तेरा लाख ऐंशी हजार पौंडांना गेले, आणि ज्या पियानोवर त्याने पुष्कळ रचना केल्या तो सतरा लाखांहून अधिक पौंडांना.

झिजून पारदर्शक झालेली फीत

२४ ऑगस्ट १९७५ रोजी वेल्समधील मॉन्मथ गावाजवळच्या ‘रॉकफील्ड’ येथे ध्वनिमुद्रण सुरू झाले. ही मुळातली शेतकऱ्याची वाडी. गुराढोरांच्या जागी ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली होती. पुढे लंडनच्या निरनिराळ्या ध्वनिमुद्रणशाळांतही काम झाले.

आजचा संगणक त्या वेळी नव्हता. चुंबकीय लेप दिलेली रुंद फीत, आणि तिच्यावर शेजारीशेजारी चोवीस पट्टे. एका पट्ट्यावर एक आवाज. आता फ्रेडीला हवा होता शेकडो गायकांच्या वृंदाचा भास, आणि गाणारे कंठ होते तीन: फ्रेडी मधल्या पट्टीत, ब्रायन खालच्या पट्टीत आणि रॉजर वरच्या, अगदी बायकी टिपेच्या पट्टीत. मग युक्ती अशी, की तिघांनी एक सूर गायचा, तो मुद्रित करायचा. त्याच सुरावर पुन्हा गायचे, पुन्हा मुद्रित करायचे. असे अनेक थर झाले की ते सारे एका पट्ट्यावर एकत्र करून बाकीचे पट्टे मोकळे करायचे, आणि पुन्हा नवे थर. पापुद्र्यावर पापुद्रा चढवून चिरोटे करतात, तोच प्रकार!

तिघेजण दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास गात होते. केवळ ऑपेराच्या भागालाच सुमारे तीन आठवडे लागले. थरांची संख्या १८० च्या घरात गेली. बेकर सांगे, की आता संपले म्हणावे तोच फ्रेडी येई आणि आणखी एक ‘गॅलिलिओ’ वाढवी. यंत्राच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा फिरवल्यामुळे फितीवरचा लेप इतका झिजला की उजेडासमोर धरली तर आरपार दिसू लागली. सूर फितीवरून कायमचा उडून जाण्याआधी तिची घाईघाईने नक्कल करावी लागली.

हा सारा आराखडा कागदावर नव्हताच म्हणा ना. तो फ्रेडीच्या डोक्यात होता. कोणता कंठ कोठे शिरणार, कोठे थांबणार, हे तो एकटा जाणत होता. पाचगणीच्या गायकवृंदात उभ्या राहिलेल्या मुलाचे कान येथे कामास आले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ज्या तबकडीत हे गाणे गेले ती त्या काळच्या सर्वांत खर्चिक तबकड्यांपैकी एक ठरली.

तीन मिनिटांचे राज्य

गाणे तयार झाले. लांबी भरली पाच मिनिटे पंचावन्न सेकंद.

तबकडी काढणारी कंपनी होती ई. एम. आय. आपल्या आजोबांच्या फोनोवर कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेले कुत्रे ज्या तबकड्यांवर असे, त्याच घराण्यातली. अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. नभोवाणीवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडचे गाणे कोणी लावीत नाही. कापा, असा त्यांचा सल्ला. फ्रेडीचे उत्तर एकच: लागेल तर पूर्ण, नाहीतर नाही. आणि बाकीचे तिघे त्याच्या पाठीशी उभे राहिले.

हा तीन मिनिटांचा जुलूम आपल्या गवयांनाही ठाऊक आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटेच मावत. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत बालगंधर्वांचे जे पद अर्धा-अर्धा तास रंगे, ते तबकडीत साडेतीन मिनिटांत गुंडाळावे लागे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी तर एवढ्याशा जागेत राग उभा करण्याची किमया करून दाखवली. पण ती यंत्राची मर्यादा होती. तेथे इलाज नव्हता. १९७५ मध्ये यंत्राची मर्यादा उरली नव्हती, उरली होती ती बाजाराची सवय. आणि सवयीपुढे मान तुकवायची की नाही हे कलावंताच्या हाती असते. साठ पौंड पगारावर दिवस काढलेल्या, नुकत्याच कर्जबाजारीपणाच्या काठावरून परतलेल्या माणसांनी ‘नाही’ म्हटले, यातच त्या नकाराची किंमत आहे.

तिढा सोडवला तो एका खट्याळ निवेदकाने. लंडनच्या ‘कॅपिटल रेडिओ’वरचा केनी एव्हरेट हा फ्रेडीचा मित्र. त्याला गाण्याची एक प्रत देण्यात आली, ती ‘वाजवायची नाही हं’ अशा ताकिदीसह. आणि ताकीद देणाऱ्याच्या डोळ्यांत अर्थातच मिस्कील हसू होते. एव्हरेटने आधी नुसते तुकडे ऐकवले, बोट चुकून घसरले म्हणून श्रोत्यांची माफी मागितली, आणि मग राहवेना म्हणून पूर्ण गाणेच लावले. शनिवार-रविवार मिळून चौदा वेळा! सोमवारी लोक दुकानांत जाऊन तबकडी मागू लागले, आणि ती तर अजून बाजारात आलीच नव्हती.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी गाणे प्रसिद्ध झाले, पूर्ण लांबीचे. नोव्हेंबर सरता सरता ते पहिल्या क्रमांकावर चढले आणि नाताळ, नवे वर्ष ओलांडून नऊ आठवडे तेथून हलले नाही.

दूरचित्रवाणीवर गाण्यासाठी चौघांना बोलावणे आले, तेव्हा दुसरी अडचण: तीन कंठांचे एकशेऐंशी थर प्रत्यक्षात उभे करायचे कसे? तशात दौराही सुरू व्हायचा होता. म्हणून १० नोव्हेंबर रोजी एल्स्ट्री येथे ब्रूस गाउअर्स या दिग्दर्शकाने अवघ्या चार तासांत, चार-साडेचार हजार पौंडांत एक छोटा चित्रपट उरकला: काळोखातून वर पाहणारे चार चेहरे, आणि आरशांतून दिसावीत तशी त्यांची असंख्य प्रतिबिंबे. गाण्याच्या प्रचारासाठी चित्रफीत काढण्याची जी रीत आज सर्वत्र आहे, ती रुजवण्यात या चार तासांच्या कामाचा मोठा वाटा आहे. रंगमंचावर मात्र ऑपेराचा भाग आला की चौघे आत निघून जात आणि फीत वाजवली जाई. जे गाता येत नाही ते गायल्याचे सोंग त्यांनी केले नाही.

अर्थ काय?

या गाण्याचा अर्थ काय, म्हणून लोकांनी फ्रेडीला सतत छळले. त्याने कधी सांगितले नाही. ऐका, विचार करा आणि आपापला अर्थ लावा, एवढेच त्याचे म्हणणे. चरित्रकारांनी तर्क केले: आपल्या खासगी आयुष्यातील ओढाताण, आपण कोण आहोत याचा आईबापांपुढे करता न आलेला उच्चार, त्याने या खुनाच्या कथेत दडवला. २००४ साली इराणमध्ये क्वीनची निवडक गाणी सरकारी परवानगीने प्रसिद्ध झाली, तेव्हा सोबतच्या पत्रकात आणखी वेगळा अर्थ होता: सैतानाला आत्मा विकलेला तरुण फाशीच्या आदल्या रात्री ‘बिस्मिल्ला’ म्हणून ईश्वराला हाक मारतो आणि आपला आत्मा परत मिळवतो. ज्यांचे पूर्वज इराण सोडून गुजरातच्या किनाऱ्याला लागले, त्या पारशाच्या गाण्यातील एका अरबी शब्दाने त्याला हजार वर्षांनी इराणात प्रवेश मिळवून दिला! इतिहासाचीही गंमत असते.

झांझिबारची बांग, अग्यारीची प्रार्थना, पाचगणीची ख्रिस्ती भजने, मुंबईच्या रेडिओवरचे रॉक संगीत आणि लंडनचा ऑपेरा; एवढ्या ठिकाणचे पाणी ज्याच्या अंगी मुरले, त्याचे गाणे एकाच घाटाचे कसे व्हावे?

दुसऱ्यांदा पहिले

या कहाणीचा उत्तरार्ध मात्र डोळ्यांत पाणी आणणारा आहे. १३ जुलै १९८५ रोजी दुष्काळपीडित आफ्रिकेच्या मदतीसाठी लंडनला वेम्ब्ली मैदानावर जो महाजलसा झाला, त्यात पियानोपाशी बसून फ्रेडीने आरंभ केला तो याच गाण्याने. पुढे काही वर्षांतच त्याला एड्सने गाठले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जाहीर केला, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केले. जगाने फ्रेडी मर्क्युरी म्हणून मिरवलेल्या माणसाला निरोप मिळाला तो बुलसारांच्या फरोखचा.

त्या काळी एड्स हा शब्द उच्चारायलाही लोक भीत. भारतात या आजाराची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईस झाली, आणि आपल्याकडेही रुग्णाचे कपबशीसुद्धा वेगळी काढण्याचे प्रकार घडले. हे पनवेलकरांस विशेष समजावून सांगायला नको. कुष्ठरोगाने समाजाबाहेर टाकलेल्यांसाठी नेऱ्याचे ‘शांतिवन’ त्यांच्या शेजारीच उभे आहे. रोगापेक्षा लोकांची नजर अधिक मारते हे तेथे गेलेल्यास कळते.

डिसेंबर १९९१ मध्ये ते गाणे इंग्लंडात पुन्हा प्रसिद्ध झाले आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर चढले, या वेळी पाच आठवडे. तेच मुद्रण, सोळा वर्षांच्या अंतराने, दोन नाताळांना पहिले! त्याचे दहा लाखांहून अधिक पौंड एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या ‘टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट’ला गेले. पुढच्या वर्षी साथीदारांनी फ्रेडीच्या नावाने ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ काढला, आणि त्याने जगभर या आजाराविरुद्धच्या कामाला पैसा पुरवला. अमेरिकेत एका विनोदी चित्रपटामुळे १९९२ मध्ये गाणे दुसऱ्या क्रमांकावर पोचले. १९७६ मध्ये ते तेथे नवव्या स्थानीच थांबले होते. २०१८ मध्ये गाण्याचेच नाव घेऊन फ्रेडीच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि त्यातील नटास ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आणि एक योगायोग ऐका. पाचगणीलाच, फरोखच्या शाळेच्या गावात, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी ‘बेल एअर’ आरोग्यधाम उभारले होते. क्षयाचे रोगीही त्या काळी असेच वाळीत पडत. पुढे हे रुग्णालय रेडक्रॉसकडे आले, आणि कालांतराने तेथे एचआयव्हीबाधितांवर उपचार होऊ लागले. ज्या डोंगरावर एक मुलगा सूर शिकला, त्याच डोंगरावर त्याला नेणाऱ्या आजाराशी झुंजणाऱ्यांना आसरा मिळाला.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलाच्या गाण्या-वाजवण्याकडे ‘अभ्यास सांभाळून काय ते करा’ याच नजरेने पाहिले जाते, आणि त्यात आईबापांची चूक आहे असेही नाही. पोटाची चिंता त्यांनाच असते. झांझिबारचा तो रोखपालही आमच्यासारखाच महिन्याच्या पगारावर घर चालवणारा गृहस्थ होता. मुलाने वकील किंवा हिशेबनीस व्हावे असेच त्याला वाटत असले पाहिजे. तरीही पाचगणीहून आलेल्या पत्राला त्याने ‘जादा फी परवडत नाही’ असे उत्तर धाडले नाही. त्या होकाराचे व्याज किती झाले ते वर सांगितलेच आहे. पुढे जगाने बोमी बुलसारांच्या मुलाला नावे दिली, पदव्या दिल्या, लिलावात त्याच्या कागदांना लाखो पौंड दिले. पण पियानोच्या शिकवणीची ती पहिली फी तेवढी बापानेच भरली होती.